तिसरी पाळी : नोंदी

वही अडतीची आहे.
लाल कापडी बांधणी, डावीकडे जमा, उजवीकडे नावे.
मार्केट यार्डात हळदीचे सौदे लिहून झाले
की मागच्या पानांवर मी यांचा हिशेब मांडत आलो,
अठ्ठ्याण्णव सालापासून.

जमा : माधवनगरची बंद गिरणी, तिची पत्र्याची शेड,
चार पोरं, एक ॲम्प्लिफायर
(मंडपवाल्या घोरपड्यांचा. परत करायचा होता. राहिला.)
गिटारवर इलियास मुजावर, गायला रेमंड लोंढे,
बेसवर सुकुमार आवटी,
ड्रमवर बाबासो चौगुले, ज्याच्या झांजा
मिरजेच्या बँडवाल्याकडून भाड्यानं यायच्या,
लग्नसराई संपल्यावरच.
म्हणून ‘तिसरी पाळी’चे कार्यक्रम नेहमी जूनमध्ये, चिखलात.
कुणी विचारलं का असं, तर हे पान दाखवीन.

कुणी विचारत नाही.

एकूण कार्यक्रम सदतीस.
तासगाव : प्रेक्षक साठ, पैकी चाळीस
पुढच्या लावणीसाठी जागा धरून बसलेले.
विटा : दुसरी तार तुटली, इलियासनं पाचावर निभावलं.
इस्लामपूर : साडेनऊला पोलीस आले, बंद करा म्हणाले.
रेमंड खुशीत. म्हणाला, चला, कुणीतरी ऐकलं.

कॅसेट एक. गाणी अकरा. प्रती साठ.
विकल्या चौदा.
त्यातल्या सात मी घेतल्या, वेगवेगळ्या दुकानांतून,
हे बाबासोला अजून माहीत नाही.

एकोणीसच्या पुरात पाणी जिन्याच्या नवव्या पायरीला लागलं.
कुंदा म्हणाली, आधी रेशनकार्ड, खरेदीखत, माझ्या गोळ्या.
मी वही डोक्यावर घेतली.
तिनं बघितलं. बोलली नाही.
होडी पेठेतून वळली, दुकानांच्या पाट्या हाताला लागत होत्या,
तेव्हा म्हणाली,
कॅसेटी घेतल्या ना?

परवा रेमंड आला.
मिरजेत दवाखान्यात एक्स-रे काढतो.
केस गेले, आवाज एक जिना खाली उतरलाय.
खुर्चीच्या कडेवर बसून म्हणाला,
आवटी गेला त्याला रविवारी महिना होतोय.
पोरी म्हणतात, बाबांचं एखादं गाणं म्हणा.
‘पत्र्यावरचं ऊन’ म्हणीन, पण दुसरं कडवं
पार गेलंय रे. लिहून दे.

पान एकशे बारा.

पत्र्यावरचं ऊन उतरत नाही
खाली माणसं चार, सावली एकाला
(ऐकू येत नाही)
घरी जा म्हणणारा कधीच घरी गेला

तिथं शेजारच्या कारखान्याचा भोंगा वाजलाय टेपमध्ये.
चोवीस वर्षं, म्हणालो, मी ही ओळ
तुझ्याकडून घ्यायची म्हणून कोरी ठेवली.
आणि मी, तो म्हणाला, तुझ्या भरवशावर विसरलो.

कापसाला कोलन लावून टेपचं हेड पुसलं.
चार वेळा ऐकलं. कान लावून, डोळे मिटून,
इलियासला पुण्याला फोन लावून, स्पीकरवर.
भोंगा. भोंगा. भोंगा.
‘पाणी’ होतं काहीतरी, इलियास म्हणाला.
‘पाणी’ नव्हतं, बाबासो म्हणाला, पैज लाव.
कडवं आवटीनं लिहिलेलं.
त्याला विचारायचं मात्र आमच्यापैकी कुणालाच
कधी सुचलं नाही. तो काय, इथंच होता,
विश्रामबागेत, दर गुरुवारी दूध घेताना दिसायचा.

रविवारी रेमंड म्हणाला ते गाणं, बसून, डोळे खाली.
तिसऱ्या ओळीशी आला, थांबला,
आणि तोंडानं भोंगा वाजवला.
लांब. बेसूर. पूर्ण श्वास संपेपर्यंत.
आवटीची थोरली फस्सकन हसली,
मग धाकटी, मग त्यांची आई, पदर तोंडाला लावून.

रात्री वही काढली.

कार्यक्रम अडतिसावा. विश्रामबाग, आवटींचं घर.
प्रेक्षक एकोणीस, सगळे ह्यांच्यासाठीच आलेले.
ॲम्प्लिफायर नाही. बेस नाही.
झांजा मिळाल्या नाहीत, लग्नसराई चालू आहे.